शिरोलीच्या भट्टीतल्या सात चकत्या

यवतमाळहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला शेजारीपाजारी एकच निरोप देतात : अंबाबाईला आमचाही नमस्कार सांगा. मलाही तोच मिळाला. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि धामणगावला गाडीत बसल्यावर पिशवीतली बरणी मांडीवर घट्ट धरून ठेवली. समोरच्या बाईंनी विचारलं, "लोणचं आहे का?" मी म्हटलं, "नाही, निकेल आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

बरणीत अडीचशे ग्रॅम निकेलची पूड होती. काळपट राखाडी, आणि इतकी हलकी की झाकण उघडताना श्वास रोखावा लागे. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी. करते आहे. विषय पाण्याचा : विजेने पाणी फोडून त्यातून हायड्रोजन काढायचा. त्यासाठी पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवावे लागतात. ते सपाट पत्र्याचे असले तर काम थोडं होतं. आतून भोकाभोकांचे, स्पंजासारखे असले तर पाण्याला धातूचा स्पर्श कितीतरी जास्त मिळतो आणि कामही तितकंच वाढतं. अशी चकती करण्याची रीत मुरमुऱ्याच्या लाडवासारखी आहे. लाडवात मुरमुरे एकमेकांना जिथे टेकतात तिथेच चिकटतात, मधल्या फटी तशाच राहतात. धातूची पूडही न वितळवता नुसती खूप तापवली तर कण टेकल्या जागी जुळतात आणि मधली जागा मोकळी राहते.

सांगायला सोपं. आमच्या प्रयोगशाळेतली भट्टी साधी, आत हवा खेळणारी. तिच्यात निकेल गंजून हिरवट काळं पडे आणि बोटांत धरलं की भुगा होई. वर्षभर मी भुगाच केला. माझे मार्गदर्शक सर जूनमध्ये निवृत्त होणार होते, विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतही तेव्हाच संपत होती. पूड परदेशातून आलेली, ज्या प्रकल्पातून आली तो बंद झालेला. शेवटी सरच म्हणाले, "कोल्हापूरला जा. पंख्याच्या मोटरीत ब्राँझचं बुश असतं ना, तेल पिऊन बसलेलं? ते पुडीपासूनच करतात. शिरोलीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची भट्टी हवेची नाही, हायड्रोजनची आहे."

माझ्या यंत्रात सहा चकत्या बसतात, म्हणून मला सहा हव्या होत्या. सहापेक्षा एक कमी नाही.

सोमवार, कोल्हापूर

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने हाक मारली, "कुठं जायचं पावणं?"

आमच्याकडे पाहुणे म्हणजे एक तर मुलगी बघायला आलेले किंवा आठवडाभर राहणारे. इथे रस्त्यावरचा प्रत्येक अनोळखी माणूस पाहुणा. मी शिरोली एमआयडीसी सांगितलं.

"आज? आज सोमवार हाय. सुट्टी असतीया. कुत्रं भेटणार न्हाय तिथं."

ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना मी फोनवर तारीख सांगितली होती, वार त्यांनीही पाहिला नव्हता आणि मीही नाही. माझा चेहरा उतरलेला पाहून रिक्षावाला म्हणाला, "बसा की. आधी दूध प्या."

"दूध नको, चहा चालेल."

"च्या काय, च्या कुठंबी मिळतोय."

त्याने मला एका चौकात नेलं. तिथे म्हशी उभ्या होत्या आणि माणसं पेले घेऊन रांगेत. समोर धार काढून फेसासकट दूध हातात. आमच्या भागात दुधाला आधी उकळी, मग साय, मग माणूस. मी पेला हातात धरून विचार करत होते, तर रिक्षावाला शेजारी उभा राहून पाहतच होता, "संपवा की वो, गार व्हतंय." संपवलं. कोमट, गोडसर, वरच्या ओठाला मिशी आणणारं. दुधाचं काही घेऊ नकोस असं त्याने दूधवाल्याला खुणावलं होतं, ते मला पेला परत देताना कळलं.

दिवस हाताशी होता, म्हणून देवळात गेले आणि सगळ्यांचे नमस्कार नावनिशीवार पोचवले. माझा स्वतःचा शेवटी. त्यात मी 'सहा' हा आकडा दोनदा म्हटला.

मंगळवार, शिरोली

शिरोलीच्या त्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो, जळक्या मातीचा आणि तापलेल्या लोखंडाचा. दोन्ही बाजूंना फाउंड्र्या, दारापुढे ओतीव सुट्या भागांचे ढीग. त्यांच्या मधोमध एक बुटकी, स्वच्छ झाडलेली शेड. दारात हाफ स्वेटर घातलेले साठीचे गृहस्थ उभे. यांना सगळे आप्पा म्हणतात. तरुणपणी फाउंड्रीत टर्नर होते, यंत्रांच्या आवाजावर बोलून बोलून आवाज चढलेला तो चढलेलाच राहिला.

"उभ्या का? बसा की!" ते एवढ्या जोरात म्हणाले की मला वाटलं काही चुकलं. नंतर कळलं, ते देवाशीही याच आवाजात बोलतात. सोमवारच्या घोटाळ्याबद्दल त्यांनी माफी मागितली, तीही ओरडूनच.

मग त्यांनी मला भट्टी दाखवली. एसटी बसएवढी लांब. एका तोंडातून जाळीचा पट्टा हळूहळू आत सरकतो, दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो. आत अमोनियाचा वायू फोडून केलेला हायड्रोजन आणि नायट्रोजन, म्हणजे धातूला गंजायला हवाच मिळू नये. दोन्ही तोंडांशी तो वायू जळत असतो, पिवळ्या ज्वाळेचा पडदा लावल्यासारखा.

"तो जाळ हाय तवर सगळं बरं हाय," आप्पा म्हणाले. "जाळ गेला की आपणबी भायेर जायचं."

साचे भरण्याचं काम शोभाकाकींकडे. शिडशिडीत बाई, वय माझ्याएवढंच, नाकावर मास्क, एप्रनच्या खिशात पोलादाची सरळ पट्टी. आप्पांकडे बुशाखेरीज तेल गाळायच्या ब्राँझच्या चकत्याही होतात. त्या चकत्या अकरा वर्षं याच भरतात. त्यांनी माझी बरणी उघडली, चिमूटभर पूड कागदावर घेतली आणि कागद तिरका केला. पूड वाळूसारखी सरकली नाही, गुठळ्यांनी ढासळली.

"लई हलकी हाय ही," त्या म्हणाल्या. "म्याडम, ही ठोकायची न्हाय हां. सांडायची नुसती."

मी माझा टाइप केलेला कागद काढला. चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं : प्रत्येक साचा पन्नास वेळा ठोकून पूड घट्ट बसवावी. प्रयोगशाळेतल्या चकत्या ठिसूळ झाल्या होत्या, म्हणून मी अनेक रात्री विचार करून हा उपाय काढला होता. पूड घट्ट, तर चकती मजबूत.

"ठोकायला हवंच," मी म्हटलं.

"ठोकली की ती बसती वो. मग भट्टीत आवळती, आनि चिरती."

"माझ्या तिकडच्या चकत्यांचा भुगा झाला होता, बाई. तुमचं ब्राँझ वेगळं, हे निकेल आहे."

'बाई' हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला तो मला अजून ऐकू येतो. बारावीच्या वर्गात मागच्या बाकावरून कुणी मध्येच बोललं की मी याच सुरात बोलते. शोभाकाकींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "म्याडम म्हनतील तसं." शोभाकाकींनी खिशातून काढलेली पट्टी पुन्हा खिशात ठेवली आणि प्रत्येक साचा मोजून पन्नास वेळा ठोकला. ग्राफाइटचे ते गोल साचे बशीच्या मधल्या खोलग्याएवढे. आठ भरले. बरणीतली एकशेसाठ ग्रॅम पूड गेली.

ट्रे पट्ट्यावरून ज्वाळेच्या पडद्याआड गेला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी अगदी आनंदात होते. शोभाकाकींच्या डब्यात ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. आमच्याकडेही तिखट खातात, पण आमचं तिखट तर्रीतून हळूहळू चढतं. खर्डा पहिल्याच घासाला थेट कानात गेला. त्या हसल्या आणि दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "खावा. मी रोजच खातो." इथल्या बायका 'मी खातो, मी येतो' असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून कोण पुरुष बोलला ते पाहिलं होतं.

ट्रे बाहेर आला आणि मी धावत गेले. चकत्या चकचकीत, चांदीसारख्या. क्षणभर वाटलं, झालं. मग दिसलं. एक भाजलेल्या पापडासारखी वर वळलेली. दुसरीच्या मधोमध भेग. तिसरी, चौथी तशीच. आठांतल्या सहा तडकलेल्या. दोन धड होत्या, त्या आप्पांनी तपासायला घेतल्या. चकती रबरी कड्यात घट्ट बसवायची, वर पाणी ठेवायचं, खालून हवा सोडायची. भोकं सगळीकडे सारखी असतील तर बुडबुडेही सगळीकडून सारखे येतात. त्या दोन्हींतून कडेने चारदोन बुडबुडे आले. मधून काहीच नाही. आतल्या फटी दबूनच गेल्या होत्या.

त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हटलं, "तुमची भट्टी जास्त तापली असणार."

आप्पा पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "बगा." त्यांनी तापमानाची नोंद माझ्यापुढे धरली. मी सांगितलेल्या आकड्यावर रेघ अगदी सरळ होती.

शोभाकाकी जवळच उभ्या होत्या. त्यांनी 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. मी वाट पाहत होते, त्या म्हणतील म्हणून. त्यांनी तडकलेल्या चकत्या एका डब्यात भरल्या आणि डबा माझ्या हाती दिला.

बरणीत नव्वद ग्रॅम उरली होती. माझ्या हिशेबाने त्यात चार चकत्या, फार तर साडेचार. शिवाय अमोनियाचं सिलिंडर संपलेलं, नवं गुरुवारी येणार. सरांना फोन केला. ते म्हणाले, "परत ये. बघू पुढे काय करता येतं." सरांच्या 'बघू'चा अर्थ मला सहा वर्षांत चांगला समजला आहे.

फाटकाशी शोभाकाकी चप्पल घालत होत्या. "उद्या काय करतायसा?"

"परत जायचं म्हणते."

"गॅस येऊ दे की. गॅस न्हाय म्हनून उद्या मलाबी सुट्टी हाय, कुरुंदवाडला चला. माझं म्हायार हाय तिथं."

"मूड नाही हो."

"मूड लॉजवर ठेवून या," त्या म्हणाल्या, आणि बस कुठे मिळेल ते सांगून निघाल्या.

बुधवार, कुरुंदवाड

रस्ताभर ऊस. आमच्याकडे या दिवसांत वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या असतात, रान करडं दिसतं. इथे डोळ्यांना हिरव्याखेरीज काही सापडत नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस बैलगाडीच्या वेगाने चालली होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

शोभाकाकींचं माहेर नदीच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. दारात त्यांची आई, पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली. शोभाकाकी तिला अव्वा म्हणतात आणि धाकटा भाऊ भीमराव शोभाकाकींना अक्का म्हणतो. कर्नाटक तिथून हाकेच्या अंतरावर. अव्वांनी मला "जयभीम" केला आणि गाव विचारलं. यवतमाळ म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात.

"नागपूरला गेलतो आमी दीक्षाभूमीला. येताना तुमच्या यवतमाळाच्या अलीकडं गाडी बंद पडली. उनाचं बसलोतो रस्त्याकडंला. तितल्या बायकांनी घरात नेऊन भाकरी घातली आमास्नी. चाळीस माणसं हुतो. नाव न्हाय इचारलं, गाव न्हाय इचारलं." मग म्हणाल्या, "त्या बायका तुमच्या कोन?"

मी म्हटलं, "कुणी नाहीत, अव्वा. मला ते गावसुद्धा माहीत नाही."

"असू दे. तुमी तितल्याच."

ज्या भाकरीत माझा काडीचाही वाटा नव्हता तिच्याबद्दलचे आभार मला मिळाले. ते परत करण्याची सोय नव्हती, म्हणून घेतले. जेवायला कृष्णाकाठची वांगी होती, बी नसल्यासारखी मऊ, दाण्याच्या कुटात शिजवलेली. वर भीमरावने आणलेली बासुंदी. आदल्या रात्री मी काही खाल्लं नव्हतं. तिथे इतकं खाल्लं की अव्वा समाधानाने आत जाऊन आडव्या झाल्या.

भीमराव गवंडी आहे. घराचं जोतं त्याने पुरुषभर उंच घेतलं आहे. जुन्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. वरच्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता, नुसत्या सळ्यांची जाळी बांधून ठेवलेली. आम्ही दोघी तिच्या सावलीत बसलो. समोर नदी, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं.

मी म्हटलं, "काकी, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वरून भट्टीला नावं ठेवली."

त्या म्हणाल्या, "मलाबी पयल्या वर्सी सांगितलंतं, ठोकू नगंस म्हनून. मीबी ठोकलंतं. मला वाटलं, जरा दाबून भरावं, काम चांगलं दिसंल. दोन ट्रे वाया गेलं. आप्पा लई वरडलं." त्या हसल्या. "तुमास्नी वरडायला कोन न्हवतं, एवढाच फरक."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पिशवीत ती निकेलची बारीक जाळी हाय, ती कशाला?"

"चकती झाल्यावर तिला मागून वेल्ड करायची. वीज आत न्यायला."

"नंतर कशाला?" त्यांनी मान वर करून डोक्यावरच्या सळ्यांकडे पाहिलं. "आतच घाला की. अर्धी पूड खाली, मग जाळी, मग अर्धी वर. आवळताना जाळी धरून ठेवंल. स्लॅबला सळी घालत्यात ते कशापायी?"

मी वर पाहिलं. मला आठवलं की बॅटरीच्या निकेलच्या पाट्यांत अशी जाळी मधोमध घालतात, हे मी स्वतः माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे. लिहिलं होतं, कुठेतरी वाचून. पण ते साच्यापर्यंत आणायचं मला सुचलं नव्हतं.

"पण पूड चारांपुरतीच आहे," मी म्हटलं.

"ठोकून चार. सांडून बगू किती व्हत्यात."

गुरुवार, पुन्हा शिरोली

सिलिंडर सकाळीच आलं होतं, पण आप्पांचा बुशांचा मोठा माल भट्टीवर चढायचा होता. शिवाय त्यांना माझी पूड पुन्हा आत घ्यायला भीती वाटत होती. "म्याडम, ही पन गेली तर? माझ्या भट्टीत तुमचं शिक्षान जळालं असं व्हायला नगं. बाकीची घेऊन घरी जावा, कायतरी उरलं तर असूं दे."

त्यांचं खरं होतं. नव्वद ग्रॅम हातात असणं म्हणजे काहीतरी हातात असणं. मी दोन मिनिटं बरणी धरून उभी राहिले. मग ती शोभाकाकींच्या हातात दिली आणि चौथा क्रमांक लिहिलेला माझा कागद पिशवीत ठेवला.

"सगळी वापरा," मी म्हटलं.

आप्पा त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "बुश दुपारी घ्या रं! आधी म्याडमचं जाऊ द्या!"

शोभाकाकींनी काम सुरू केलं. मी कात्रीने जाळीचे गोल कापून देत होते, एवढाच माझा वाटा. त्यांनी बारीक चाळण साच्याच्या वर वीतभर उंच धरली आणि तिला बोटाने नुसतं हलवलं. पूड धुक्यासारखी खाली उतरत गेली. साचा अर्धा भरला की त्यावर जाळीचा गोल अलगद, मग पुन्हा चाळण. शेवटी खिशातली पट्टी काढून एकदाच, एका दिशेने ओढायची. परत फिरवायची नाही. मी जवळ वाकून पाहू लागले तर म्हणाल्या, "म्याडम, श्वास तिकडं सोडा." मी मास्क लावला होता तरीही तोंड फिरवलं.

चार साचे भरले, पूड होतीच. पाच. सहा. बरणीचा तळ झटकून सातवा.

"सात," त्या म्हणाल्या. पट्टी पुसून खिशात ठेवली.

ट्रे आत गेल्यावर मी शेडच्या बाहेर जाऊन बसले. आतून ज्वाळेचा फुरफुर आवाज येत होता. आप्पांनी समोरच्या गाड्यावरून कटवडा मागवला, लाल रश्श्यात बुडवलेला वडा. मी तो पूर्ण खाल्ला आणि मला त्याची चव अजिबात आठवत नाही.

हाक आली तेव्हा मी हळू गेले. चकत्या मंद राखाडी, चमक नसलेल्या, आणि सपाट. शोभाकाकींनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. वजनच लागेना. मी भीत भीत बोटाने दाबलं. भुगा झाला नाही.

तपासणी आप्पांनी स्वतः केली. पहिली चकती, खालून हवा, आणि पाण्यावर सगळीकडून एकसारखे मोहरीएवढे बुडबुडे. दुसरी तशीच. तिसरी, चौथी. पाचवीला एका बाजूने बोटाएवढा फुगा भसकन वर आला. केसाएवढी भेग होती, डोळ्यांना दिसली नव्हती. आप्पांनी ती बाजूला ठेवली. चार चांगल्या झाल्या होत्या. मला सहा हव्या होत्या आणि दोनच राहिल्या होत्या.

सहावी. मोहरी.

सातवी आप्पांनी स्वतः बसवली नाही. त्यांनी ती शोभाकाकींकडे दिली. काकींनी बसवली, हवेची चावी हळू फिरवली. आधी काहीच नाही. मग मधून एक बुडबुडा, शेजारी दुसरा, आणि बघता बघता सगळी चकती फुलून आली.

मी शोभाकाकींना मिठी मारली. त्या लाजून म्हणाल्या, "हात काळं हायेत वो माझं." माझी ती साडी मी अजून धुतलेली नाही असं मी म्हणणार नाही. धुतली. डाग मात्र गेला नाही, आणि मी फार घासलंही नाही.

शुक्रवार, निघताना

गाडी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला गेले तर शोभाकाकींनी विचारलं, "ह्या चकत्या पान्यात घातल्यावर नेमकं व्हतंय तरी काय?"

तीन दिवसांत हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. मी बोलले होते पुष्कळ. मी किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणला, काचेच्या बरणीत पाण्यात विरघळवला. आप्पांनी टेंपोची बॅटरी चार्ज करायचं यंत्र दिलं. चांगल्या सहांतली एक आणि भेगेची एक अशा दोन चकत्या पाण्यात लटकवल्या. सगळी शेड भोवती जमली. बटण दाबलं आणि दोन्ही चकत्यांवरून बुडबुड्यांचे पदर उठायला लागले, एकीवरून दुप्पट, तो हायड्रोजन. भेगेचीही मागे राहिली नाही. मी औषधाची छोटी बाटली पाण्याने भरून जास्त बुडबुड्यांवर उपडी धरली. ती वायूने भरली तेव्हा बरणीपासून लांब नेली आणि तोंडाशी काडी पेटवली. 'टप्' असा आवाज झाला. सगळे मागे सरकले आणि मग हसले.

शोभाकाकी हसल्या नाहीत. त्या बरणीजवळ वाकून बुडबुडे बघत होत्या.

"अकरा वर्सं नुस्ती भोकं करतोय मी," त्या म्हणाल्या. "माल पेटीत घालून जातो. त्यातनं काय निगतंय, कवा बगितलंच न्हवतं." मग मान वर करून म्हणाल्या, "ती काडी मला द्या. मी पेटीवतो."

दुसऱ्या बाटलीचा आवाज जास्त मोठा झाला. भेगेची चकती त्यांनी मागून घेतली.

यवतमाळला परतल्यावर सहाही चकत्या यंत्रात बसल्या आणि चालल्या. सरांनी निवृत्तीच्या आधी त्या चालताना पाहिल्या. प्रबंध मुदतीत गेला. कृतीच्या प्रकरणात मी लिहिलं, पूड चाळणीने सांडावी, ठोकू नये, जाळी मध्ये घालावी. आणि हे कुणाकडून शिकले तेही पूर्ण नावानिशी लिहिलं. सरांनी एका जागीही दुरुस्तीची खूण केली नाही. त्या पानाचा फोटो मी शोभाकाकींना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला. मागे भट्टीची फुरफुर आणि आप्पांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"म्याडम, पान बगितलं. आप्पांनी समद्यांस्नी मोठ्यांदा वाचून दावलं. अव्वालाबी पाठीवलंय. बरं वाटलं. आता ठेवतो हां, साचं भरायला घेतल्यात."